बेट मिडलरची भैरवी : 'टुनाइट शो'मधली २१ मे १९९२ची रात्र

उत्तररात्र (धागालेखक)

१९९२ साली मी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात शिकत होतो आणि एका वृद्ध बाईंच्या घरी माडीवरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. रात्री दहाच्या बातम्या संपत आल्या, की त्या जिन्याच्या तळाशी येऊन मला हाक मारत. त्या हाकेचा अर्थ 'जॉनी येतो आहे, खाली ये' एवढाच असे. जॉनी म्हणजे 'टुनाइट शो' या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचे यजमान जॉनी कार्सन. त्यांचा जन्म आयोवातला, पण ते वाढले नेब्रास्कातल्या नॉरफोक या गावी आणि शिकलेही नेब्रास्काच्याच विद्यापीठात. त्यामुळे माझ्या घरमालकीणबाई त्यांच्याविषयी बोलू लागल्या, की शेजारच्या आळीतला मुलगा शहरात जाऊन नाव काढून आला आहे असे वाटे.

ज्यांनी हा कार्यक्रम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'टुनाइट शो' एनबीसी वाहिनीवर १९५४ साली स्टीव्ह ॲलन यांच्यापासून सुरू झाला, पुढे तो जॅक पार यांच्याकडे गेला आणि १ ऑक्टोबर १९६२ रोजी कार्सन यांच्या हाती आला. त्यांनी तो तीस वर्षे सांभाळला; आधी न्यूयॉर्कमधून आणि १९७२पासून कॅलिफोर्नियातल्या बरबँकमधून. ध्वनिचित्रमुद्रण संध्याकाळी साडेपाचला होई आणि त्याच रात्री देशभर दाखवले जाई. सहनिवेदक एड मॅकमोहन यांची लांबवलेली आरोळी, डॉक सेव्हरिन्सन यांचा वाद्यवृंद, रंगीत पडद्याच्या फटीतून बाहेर येणारे कार्सन, त्यांचे सुरुवातीचे विनोदी निवेदन आणि ते संपताना हवेत मारलेला गोल्फचा फटका हा क्रम आमच्या आजींना (मी त्यांना मनातल्या मनात आजीच म्हणत असे) संध्याकाळच्या प्रार्थनेसारखा पाठ होता.

मला मात्र पहिल्या दिवसापासून त्या बैठकीच्या मांडणीचे अप्रूप वाटत आले. कार्सन टेबलामागे बसत. पहिला पाहुणा त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसे. दुसरा आला, की पहिला उठून सोफ्यावर एक जागा सरके, आणि तिसरा आला, की सगळेच आणखी एकेक जागा पुढे. ज्याच्यासाठी दहा मिनिटांपूर्वी टाळ्यांचा कडकडाट झाला होता, तो आता दुसऱ्याचे बोलणे ऐकणारा श्रोता होई. किती मोठा नट असो, ही सरकासरकी कोणालाही चुकली नाही. आपल्याकडच्या घरगुती मैफिलीत नवा माणूस दारात दिसला, की आधीचे लोक न सांगता सरकून सतरंजीवर जागा करतात, तसेच ते होते.

२१ मे १९९२ हा गुरुवार होता. दुसऱ्या दिवशीचा शेवटचा भाग पाहुण्यांशिवाय होणार हे आधीच जाहीर झालेले असल्यामुळे पाहुण्यांची ती अखेरची रात्र होती, आणि पाहुणे दोनच होते. आधी रॉबिन विल्यम्स आले. निवृत्त होणाऱ्या माणसाला भेट म्हणून ते चक्क एक झुलती खुर्ची घेऊन आले होते. त्यांचा तो एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या घेणारा विनोद पूर्ण वेगात सुरू झाला आणि कार्सन यांनी काय केले, तर ते मागे रेलून हसत राहिले. ते स्वतः अतिशय हजरजबाबी होते. मनात आणले असते तर प्रत्येक वाक्याला उत्तर देता आले असते. त्यांनी अधूनमधून एखादा शब्द टाकला आणि तोही असा, की विल्यम्स यांना पुढची उडी घ्यायला पाट मिळावा.

मग बेट मिडलर आल्या. १९७०च्या दशकाच्या आरंभी त्या न्यूयॉर्कमधल्या एक होतकरू गायिका होत्या, तेव्हापासून कार्सन यांनी त्यांना या मंचावर बोलावले होते. प्रथम त्यांनी एका जुन्या प्रेमगीताचे शब्द बदलून 'तुम्ही मला तुमचा कार्यक्रम पाहायला लावलेत' अशा अर्थाचे गमतीदार गाणे म्हटले. नंतर गप्पा जुन्या गाण्यांवर आल्या. 'हिअर्ज दॅट रेनी डे' हे आपले आवडते गाणे आहे असे कार्सन म्हणाले, आणि मिडलर यांनी बसल्या जागी ते गुणगुणायला सुरुवात केली. कार्सन यांनी आवाज मिळवला. ते काही गायक नव्हते. आवाज किंचित कापरा होता, सूर जेमतेम सांभाळला जात होता, आणि तरीही स्टुडिओतले सगळे लोक श्वास रोखून ऐकत होते.

सर्वात शेवटी मिडलर उठल्या आणि पियानोच्या साथीवर त्यांनी 'वन फॉर माय बेबी' म्हटले. मूळ गाणे असे आहे, की पहाटेचे पावणेतीन वाजले आहेत, मद्यगृह रिकामे झाले आहे, उरलेला एकमेव गिऱ्हाईक आपले दुःख गल्ल्यामागच्या माणसाला सांगतो आहे आणि तो माणूस गाण्यात एक शब्दही बोलत नाही. मिडलर यांनी काही ओळी कार्सन यांच्यासाठी बदलल्या होत्या, पण माझ्या मते खरी किमया बदललेल्या ओळींत नव्हती, निवडीत होती. तीस वर्षे रात्री उशिरा टेबलामागे बसून आल्या-गेल्याचे ऐकून घेणाऱ्या माणसाला उद्देशून, रात्री उशिरा गल्ल्यामागे उभे राहून ऐकून घेणाऱ्या माणसाचे गाणे त्यांनी म्हटले.

कॅमेरा त्या वेळी नेहमीच्या जागी नव्हता. मंचाच्या पलीकडच्या बाजूने घेतलेले ते दृश्य होते, ज्यात कार्सन पाठमोरे, थोडे कडेला दिसत आणि त्यांच्या पलीकडे गाणाऱ्या मिडलर. यजमान स्वतःच्याच कार्यक्रमात पाठमोरा बसून ऐकतो आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून आजही जात नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. गाणे सुरू असताना आजींनी हात लांबवून शेजारचा दिवा बंद केला. खोलीत फक्त पडद्याचा निळसर उजेड राहिला आणि त्या गाण्यासाठी मिडलर यांना पुढे एमी पुरस्कार मिळेल हे आम्हां दोघांनाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की मुलाखतकाराची थोरवी त्याच्या प्रश्नांत शोधू नये; समोरचा रंगात आला असता तो किती आणि कसा मागे सरतो त्यात शोधावी. आपणांपैकी कोणी त्या काळात तिकडे होते का? आणि या मुद्द्याला पुष्टी देणारी किंवा छेद देणारी दुसरी एखादी रात्र आठवते का?

सोनचाफा

लेख अतिशय आवडला. मी तिकडे राहिलेली नाही, परंतु जुन्या चित्रफिती आवडीने पाहिल्या आहेत, आणि तुमचा मुद्दा वाचताच १९६९मधली एक रात्र डोळ्यांपुढे आली. त्या रात्री सोफ्यावर बॉब होप आणि डीन मार्टिन बसले होते, आणि त्यांच्यानंतर जॉर्ज गोबेल या तुलनेने शांत प्रकृतीच्या विनोदी नटाला यावे लागले. दोन दिग्गजांनी प्रेक्षकांना आधीच जिंकून घेतले होते. गोबेल यांनी बसता बसता कार्सन यांना जे विचारले त्याचा भावार्थ असा, की सगळे जग म्हणजे समारंभाचा काळा पोशाख आणि आपण मात्र तपकिरी बुटांचा जोड, असे तुम्हांला कधी वाटले आहे का? सबंध सभागृह कोसळले.

त्याहून मजेची गोष्ट पुढे घडली. गोबेल बोलत असताना डीन मार्टिन आपल्या सिगारेटची राख गुपचूप त्यांच्या पेल्यात झटकत होते. प्रेक्षक हसत होते आणि आपल्या साध्या वाक्यांना एवढा हशा का येतो आहे हे गोबेल यांना उमगत नव्हते. कार्सन यांना सारे दिसत होते. एखाद्या उतावळ्या सूत्रसंचालकाने लगेच बोट दाखवून गंमत फोडली असती. कार्सन यांनी चेहरा शक्य तेवढा आवरून ती वाढू दिली. हेही मागे सरणेच म्हणायचे.

दीपमाळ

उत्तररात्र, आपण ज्या आत्मीयतेने लिहिले आहे तिचा आदर राखून एक वेगळी बाजू मांडते. ज्या सोफ्याला आपण सतरंजी म्हणता, तिच्यावर कोणी बसायचे हे एकच माणूस ठरवत होता. नवा विनोदकार पडद्यापुढे येऊन आपला कार्यक्रम सादर करी. तो आवडला तर कार्सन बोटांनी खूण करीत. फारच आवडला तर हात हलवून सोफ्यावर बोलावत. त्या एका हातवाऱ्याने माणसाचे आयुष्य पालटे. १९७३ साली फ्रेडी प्रिन्झ यांना पहिल्याच वेळी बोलावणे आले, आणि पुढच्याच वर्षी ते स्वतःच्या दूरचित्रवाणी मालिकेत झळकले. मात्र पहिल्याच सादरीकरणानंतर सोफ्यावर बोलावल्या गेलेल्या पहिल्या विनोदकार स्त्री म्हणजे एलन डिजेनेरस, आणि ते वर्ष होते १९८६. म्हणजे कार्सन यांच्या कारकिर्दीची चोवीस वर्षे उलटून गेल्यावर.

आणि जोन रिव्हर्स यांचे काय? १९६५ साली याच मंचावर त्यांचे नशीब उघडले. तुम्ही मोठ्या कलाकार होणार, असे कार्सन यांनी त्यांना कार्यक्रमातच सांगितले होते. १९८३पासून त्या कार्सन यांच्या सुट्टीत त्यांच्या खुर्चीवर बसणाऱ्या कायमच्या पाहुण्या यजमान होत्या. १९८६ साली त्यांनी फॉक्स वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम स्वीकारला, तेव्हा ही बातमी आपल्याला त्यांच्याकडून आधी कळली नाही याचा कार्सन यांना इतका राग आला, की ते त्यांच्याशी पुन्हा कधीही बोलले नाहीत. रिव्हर्स 'टुनाइट शो'मध्ये पुन्हा दिसल्या त्या थेट २०१४ साली, नवे यजमान जिमी फॅलन यांच्या पहिल्या रात्री, म्हणजे स्वतःच्या मृत्यूच्या काही महिने आधी. मंचावर इतका उदार असलेला हा यजमान मंचाबाहेर इतका कठोर होऊ शकत होता. त्याला फक्त ऐकून घेणारा माणूस म्हणताना मला अडखळल्यासारखे होते.

उत्तररात्र

दीपमाळ, आपले म्हणणे मला मान्य आहे आणि ते आपण या धाग्यावर आणलेत याबद्दल आभारी आहे. रिव्हर्स यांच्याबाबतीत अन्याय झाला असे माझेही मत आहे. आमच्या आजीसुद्धा याच एका गोष्टीवरून 'आपल्या जॉनी'वर नाराज होत्या. त्यांना रिव्हर्स फार आवडत, आणि ज्या आठवड्यात त्या खुर्चीवर असत तो आठवडा आपण कधी चुकवला नाही हे त्या मला आवर्जून सांगत.

मात्र मी जे लिहिले ते त्या एका तासापुरते आणि त्या टेबलापुरतेच आहे. माणूस म्हणून ते संकोची होते, गर्दीत अवघडत आणि फारसे कोणात मिसळत नसत, असे त्यांना जवळून ओळखणाऱ्या अनेकांनी सांगून ठेवले आहे. कदाचित म्हणूनच ठरलेले टेबल, ठरलेली वेळ आणि समोर एकच माणूस, एवढ्या चौकटीत त्यांना मोकळे होता येत असावे.

पाणवठा

चर्चा नामवंत पाहुण्यांची आहे हे ठाऊक असूनही एका अनाम पाहुणीविषयी लिहितो, कारण उत्तररात्र यांच्या मुद्द्याचा सर्वांत नेटका दाखला मला तिच्यात दिसतो. १९८७ साली इंडियाना राज्यातल्या एक वयस्क बाई कार्यक्रमात आल्या होत्या. बटाट्याच्या वेफर्सच्या कारखान्यात तपासणीचे काम करताना ज्या वेफरचा आकार प्राण्यासारखा किंवा एखाद्या प्रसिद्ध माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसे, तो त्या जपून ठेवत. तो ठिसूळ संग्रह त्यांनी कार्सन यांच्या टेबलावर मांडला होता. एड मॅकमोहन यांच्याशी बोलण्यासाठी त्यांनी मान वळवली आणि तेवढ्यात मागून 'कुर्रम्' असा आवाज आला. त्यांनी वळून पाहिले, तर कार्सन वेफर खात होते. बाईंच्या चेहऱ्यावर अशी भीती उमटली, की हसणाऱ्या प्रेक्षकांच्याही काळजाचा ठोका चुकला असेल.

कार्सन यांनी टेबलाखाली साध्या वेफर्सचे एक वेगळे भांडे ठेवले होते आणि त्यातला एक तोंडात टाकला होता. पण त्यानंतरचे दोन-तीन क्षण पाहण्यासारखे आहेत. हशा अजून चढत होता आणि तो आणखी लांबवणे सहज शक्य होते. त्यांनी लगेच भांडे वर काढून दाखवले आणि बाईंची समजूत काढली. बाई हसू लागल्या, मगच तेही मोकळेपणाने हसले.

१९८१ साली जिमी स्ट्युअर्ट यांनी खिशातून कागद काढून आपल्या मेलेल्या कुत्र्यावरची कविता वाचली, ती रात्रही याच जातीची. ऐटबाज नसलेली, यमकांची, घरगुती कविता. पहिली काही कडवी विनोदी आहेत आणि लोक हसतात. पुढे तो कुत्रा रात्री पलंगावर येऊन झोपत असे हे सांगता सांगता त्या वृद्ध नटाचा आवाज दाटून येतो, आणि कॅमेरा कार्सन यांच्याकडे वळतो तेव्हा ते डोळे पुसत असतात. तिथे त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

मृद्गंध

मी हौशी तबलावादक आहे, म्हणून साथीच्या अंगाने दोन शब्द लिहितो. धाग्याच्या शीर्षकात 'भैरवी' हा शब्द वाचून आधी थोडा साशंक झालो होतो. आपण शेवटच्या कुठल्याही गोष्टीला भैरवी म्हणून मोकळे होतो. पण काल रात्री ती चित्रफीत तीन वेळा पाहिली आणि शब्द योग्य आहे असे वाटले. भैरवीत गायकाला काही सिद्ध करून दाखवायचे नसते. ताना, चमत्कृती, लयीची कसरत हे सगळे आधीच होऊन गेलेले असते. मिडलर यांचा आवाज मोठा आहे, त्या सभागृह दणाणून टाकू शकतात, आणि त्यांनी आरंभीच्या गमतीच्या गाण्यात ते केलेही. शेवटच्या गाण्यात मात्र त्या जवळजवळ बोलतात. पियानोवादकही सुरांच्या मधल्या मोकळ्या जागा भरण्याचा मोह टाळतो.

त्याहीपेक्षा मला ते आधीचे, बसल्या जागी गुणगुणलेले गाणे मोलाचे वाटते. कार्सन यांचा सूर डळमळतो तिथे मिडलर आपला आवाज खाली घेतात, म्हणजे त्यांचा सूर झाकला जाऊ नये. चांगला साथीदार हेच करतो. त्या दोन मिनिटांत यजमान गायक होतो आणि पाहुणी साथीला बसते.

दुःखाची बाब ही, की अशा किती रात्री आपल्याला आता कधीच पाहता येणार नाहीत. न्यूयॉर्कच्या पहिल्या दहा वर्षांतले बहुतेक भाग आज उरलेले नाहीत. त्या काळी फिती महाग असत आणि पुसून पुन्हा वापरल्या जात. बरबँकनंतरचा संग्रह मात्र कॅन्सस राज्यातल्या जमिनीखालच्या मिठाच्या खाणीत, कोरड्या हवेत जपून ठेवला गेला. सोनचाफा यांनी सांगितलेली गोबेल यांची रात्र १९६९ची असूनही वाचली, हे आपले नशीब.

सोनचाफा

मृद्गंध, तुमच्या प्रतिसादामुळे मीही ते गाणे पुन्हा ऐकले आणि सूर झाकू न देण्याची ती जागा सापडली. उत्तररात्र, एक विचारायचे राहिले. दुसऱ्या दिवशीचा शेवटचा भाग तुम्ही दोघांनी पाहिलात का? आणि त्यानंतर आजींचे काय झाले?

उत्तररात्र

पाहिला. २२ मेच्या रात्री कार्सन यांनी आपले कुटुंबीय आणि सहकारी यांनाच प्रेक्षक म्हणून बोलावले होते. पाहुणा एकही नव्हता. ते स्टुलावर बसून बोलले आणि जुनी क्षणचित्रे दाखवली. सुमारे पाच कोटी लोकांनी तो भाग पाहिला असे म्हणतात. निरोपाचे शब्द साधे होते आणि आवाज किंचित भरून आला होता. पण खरे सांगायचे तर आमच्या घरात निरोप आदल्या रात्रीच घेऊन झाला होता, आणि शुक्रवारी आजी बऱ्यापैकी प्रसन्न होत्या. कार्सन यांच्या जागी आलेल्या जे लेनो यांचा पहिला कार्यक्रम सोमवारी झाला. त्या रात्री जिन्याखालून हाक आली नाही.

कार्सन त्यानंतर लोकांसमोर फारसे आले नाहीत. १३ मे १९९४ रोजी ते डेव्हिड लेटरमन यांच्या कार्यक्रमात काही क्षण दिसले. लेटरमन यांनी उठून त्यांना आपल्या टेबलामागे बसवले, प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले, आणि कार्सन एक शब्दही न बोलता निघून गेले. दूरचित्रवाणीवरचे त्यांचे ते शेवटचे दर्शन. निवृत्तीच्या अखेरच्या काळात ते लेटरमन यांना अधूनमधून विनोद लिहून पाठवत असत, हे मात्र नंतर उघड झाले.

२३ जानेवारी २००५ रोजी ते वारले. लेटरमन सुट्टीवरून परतले आणि ३१ जानेवारीच्या कार्यक्रमात त्यांनी नेहमीप्रमाणे आपले सुरुवातीचे निवेदन केले. ते संपल्यावर त्यांनी सांगितले, की आज ऐकवलेले सगळे विनोद जॉनींनी पाठवलेले होते. कार्यक्रमाच्या शेवटी डॉक सेव्हरिन्सन आणि वाद्यवृंदातले त्यांचे जुने सहकारी यांनी 'हिअर्ज दॅट रेनी डे' वाजवले. मृद्गंध, ती चित्रफीत मिळाली तर जरूर ऐका. त्यात गायला कोणी नाही.

मी तोवर न्यू जर्सीत राहायला आलो होतो. आजींना फोन केला, तेव्हा त्यांनी उचलताच विचारले, "लावले आहेस ना?" मी हो म्हटले. गाणे संपेपर्यंत आम्ही दोघांनीही फोन ठेवला नाही आणि बोललोही नाही.